सोलापूर ते एलुरू: कोकोच्या बियांमागे

कोकोचं झाड सोलापुरात जगणं कठीण. त्याला वर्षभर ओलावा हवा, डोक्यावर दुसऱ्या झाडाची सावली हवी. आपल्याकडे पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर आणि मे महिन्यात पारा 43-44 च्या पुढे. तरीही जुळे सोलापुरातल्या आमच्या एका खोलीत कोकोच्या बियांपासून चॉकलेट तयार होतं. भाजणं, फोडणं, सुपात पाखडणं, दगडी ग्राइंडरमध्ये दोन-दोन दिवस दळणं, सगळं तिथेच चालतं. दुकानात चॉकलेट म्हणून मिळणारा बराचसा माल कंपाउंडचा असतो, म्हणजे कोको बटरच्या जागी स्वस्त वनस्पती तेल घातलेला. आम्हाला ते करायचं नव्हतं. मग सगळी मदार बियांवर येते.

आणि बी चांगलं मिळणं हेच सगळ्यात अवघड. मागच्या उन्हाळ्यात एका व्यापाऱ्याकडून पोती मागवली होती. वरचा थर देखणा, खाली बुरशी आलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या बिया. लहान-मोठ्या इतक्या मिसळलेल्या की भाजताना बारीक बी करपायचं आणि जाड बी कच्चं राहायचं. तेव्हाच ठरवलं, आता बी जिथे पिकतं तिथे जाऊन, हातात घेऊन, कापून बघायचं आणि मगच पैसे मोजायचे.

गुरुवार, रात्री

भारतात कोको मुख्यतः चार राज्यांत होतो: आंध्र, केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडू. कॅडबरीने 1965 च्या सुमारास केरळात लागवडीला सुरुवात करून दिली. कर्नाटकात 1973 साली सुपारी आणि कोको उत्पादकांची कॅम्पको ही सहकारी संस्था उभी राहिली आणि 1986 मध्ये पुत्तूरला तिचा चॉकलेटचा कारखाना सुरू झाला. आज मात्र सर्वात जास्त कोको आंध्रात पिकतो, तोही गोदावरीकाठच्या जिल्ह्यांत, नारळाच्या आणि पाम तेलाच्या बागांमध्ये आंतरपीक म्हणून. इडुक्की आणि पोल्लाचीचंही बी आम्ही वापरून पाहिलंय. पण आंध्रातल्या याच पट्ट्यातल्या एलुरूला सोलापूरहून थेट गाडी आहे. वर्षातून दोन-तीनदा शेतकऱ्याच्या दारात जाऊन उभं राहायचं असेल तर ही मोठी सोय.

शिवाय मावशींची भाषा. मावशी सोलापूरच्या पूर्व भागातल्या, पद्मशाली म्हणजे विणकर समाजातल्या. घरात तेलुगू, बाहेर मराठी. उभं आयुष्य विड्या वळण्यात गेलं, आता आमच्याकडे बिया निवडायला येतात. कोणार्क एक्स्प्रेस फलाटाला लागली तेव्हा त्यांच्या पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि अशोक चौकातून घेतलेला खारा होता. माझ्या पिशवीत चाकू, छोटी लाकडी फळी, ताणकाटा, लांब सळईचा थर्मामीटर आणि ओलावा मोजायचं मीटर.

शुक्रवार

सिकंदराबादला उजाडलं. वरंगळनंतर शेतं बदलत गेली, आणि विजयवाड्याच्या पुढे दोन्ही बाजूंना नारळ आणि पाणी. एलुरूत शिरणाऱ्या कालव्यात कृष्णेचं पाणी येतं, म्हणजे आपल्या भीमेचंही. हे सांगितल्यावर मावशींनी खिडकीतूनच हात जोडले.

स्टेशनजवळच्या लॉजवर सामान टाकलं आणि संध्याकाळी एका व्यापाऱ्याच्या गोदामात गेलो. माणूस स्पष्ट बोलणारा. तो म्हणाला, माझ्याकडे साठ-सत्तर शेतकऱ्यांचा माल येतो आणि एकाच ढिगात पडतो. ओलावा आणि बुरशी बघतो, भाव ठरवतो, मोठ्या कंपनीकडे पाठवतो. कुणी किती दिवस आंबवलं हे कंपनी मला विचारत नाही, मग मी शेतकऱ्याला कशाला विचारू?

ढिगातून मूठ-मूठ करत 50 बिया घेतल्या आणि फळीवर एकेक उभी चिरली. कोकोचं बी चिरलं की ते सगळं सांगून टाकतं. नीट आंबलेलं आणि नीट वाळलेलं बी आत तपकिरी असतं, त्यात भेगा आणि पोकळ्या दिसतात, बोटाने दाबलं तर तुकडे मोकळे होतात. अर्धवट आंबलेलं बी जांभळं. अजिबात न आंबलेलं बी आतून घट्ट, सपाट आणि पाटीच्या दगडाच्या रंगाचं. या 50 पैकी 17 करडी निघाली, 20 जांभळी, दोन बुरशीची. तपकिरी उरली अकरा.

करडं बी कितीही निगुतीने भाजा, त्याला चॉकलेटची चव येत नाही. नुसतं कडू आणि तुरट लागतं. मोठा कारखाना त्यात साखर, दूध, व्हॅनिला घालून आणि बाहेरच्या देशांतलं बी मिसळून निभावून नेतो. आमच्या 70 टक्क्यांच्या वडीत बी आणि साखर सोडून दुसरं काही नसतं. लपवायला जागाच नाही.

शनिवार

सकाळी कामवरपुकोटाच्या दिशेने निघालो. हा गोदावरी खोऱ्यातला उंचावरचा भाग, इकडे त्याला मेट्टा म्हणतात. इथे कालवे नाहीत, बोअरच्या पाण्यावर ठिबक चालतं. वाटेत पेदवेगीला पाम तेलावर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था लागते. पुढे ताडिकलपूडी हे गाव. हैदराबादच्या मनम चॉकलेटने बिया आंबवायचं केंद्र तिथेच उभारलंय. या भागातल्या कोकोला चांगली चव असू शकते हे त्यामुळे आता पुष्कळांना पटलंय, आणि चांगल्या मालाची चढाओढही वाढलीय.

ज्यांच्याकडे जायचं होतं त्या अण्णांची नारळाची जुनी बाग. वर नारळाचे झाप, खाली कोको. आत पाऊल टाकलं की ऊन संपतं. जमिनीवर कोकोच्या पानांचा घोटाभर थर, त्याखाली काळी, भुसभुशीत माती. फळं फांद्यांच्या टोकाला नसतात, थेट खोडाला आणि जाड फांद्यांना लागतात. कच्ची हिरवी, पिकली की पिवळी. काही झाडांची लालसर असतात, ती पिकून नारिंगी होतात. फूल नखाएवढं, आणि त्याचं परागीभवन अगदी बारीक चिलटं करतात. ती या कुजणाऱ्या पालापाचोळ्यात वाढतात, म्हणून अण्णा बाग झाडून चकाचक करत नाहीत. आमच्याकडच्या बागाईतदाराला ते अजागळपणाचं वाटेल.

अण्णा फळ ओढून तोडत नाहीत, देठाशी कात्री लावतात. खोडावर जिथून देठ निघतो त्या उंचवट्यातूनच पुढच्या बहराची फुलं येतात. तो सोलला गेला तर ती जागा कायमची गेली. मजुरीने फळं तोडून घेताना हेच सगळ्यात आधी बिघडतं असं ते म्हणाले. उंदीर आणि खारींनी पोखरलेली फळं वेगळ्या ढिगात, काळी पडलेली त्याहून वेगळ्या.

तोडलेली फळं लगेच फोडत नाहीत. दोन-तीन दिवस सावलीत ठेवतात. त्यात गराचं पाणी थोडं आटतं आणि आंबवल्यावर बियांत आंबटपणा कमी राहतो. फोडायला कोयता नाही, लाकडी मोगरी. कोयत्याचं पातं आत गेलं तर बी कापलं जातं आणि त्या चिरेतून बुरशी शिरते. मोगरीचा एक दणका मध्यावर, फळ दोन भागांत उघडतं आणि आत 30-40 बिया, सीताफळासारख्या पांढऱ्या गरात गुंडाळलेल्या. मी एक तोंडात टाकली. गर गोड-आंबट, सुगंधी. चॉकलेटचा तिथे मागमूसही नाही.

मावशी बसल्या त्या बायकांच्या घोळक्यात. अक्का, म्हणजे अण्णांच्या घरच्या, त्यांना आधी पाहुणी म्हणून खुर्ची देत होत्या. मावशींनी खुर्ची बाजूला सारून मांडी घातली. फळांमधल्या बिया मोकळ्या करायच्या आणि मधला तंतुमय दांडा काढून टाकायचा, असं काम. पाच मिनिटांत त्यांचे हात इतरांच्या पुढे गेले. जास्त पिकलेल्या फळात कधीकधी बी आतच मोड काढतं. वाळल्यावर तो मोड गळतो, तिथे भोक राहतं, आणि त्यातून कीड जाते. मावशींनी असं बी न बघता, नुसत्या बोटाने ओळखून बाजूला टाकायला सुरुवात केली.

‘‘अगं ताई, कारखान्यात छाट काढायचे नव्हं का,’’ त्या मला म्हणाल्या. ‘‘हजार विड्या द्यायच्या आन् मुकादम मूठभर छाट म्हणून फेकायचा, पैसे कापायचा. बोटाला कळतंय मग, कुठली जाईल आन् कुठली राहील.’’

मग त्यांनी तेच अक्कांना तेलुगूत सांगितलं. तिथल्या बायकांपैकी दोघी विड्या वळायच्या म्हणे. त्यानंतर तासभर मला कुणी विचारलं नाही, आणि मलाही मध्ये बोलावंसं वाटलं नाही.

रविवार

अण्णांच्या बागेत बिया गोणीत भरून तीन दिवस ठेवतात आणि वाळवायला काढतात. आजूबाजूला पुष्कळांची हीच रीत. त्यांचे मेव्हणे मात्र गेल्या दोन-तीन हंगामांपासून लाकडी पेट्या वापरतात. आज तिकडे.

पत्र्याची शेड. आत पायऱ्यांसारख्या उतरत्या मांडणीत तीन पेट्या, तळाला भोकं, वर केळीची पानं आणि त्यावर गोणपाट. शेडच्या दारातच वास लागला: आधी ताडीचा, जवळ गेल्यावर व्हिनेगरचा. वरच्या पेटीतला माल कालचा, कोमट. मधली पेटी तिसऱ्या दिवसाची. पानं बाजूला केली तशी वाफ चेहऱ्यावर आली. थर्मामीटरची सळई मध्यापर्यंत खुपसली. 44, 45, 47 वर काटा थांबला. कोपऱ्यात 41. मेव्हण्यांनी हात घालून एक बी काढून दिलं. गर जवळजवळ विरघळलेला, साल तांबूस. चिरलं तर कडेला तपकिरी रेघ आणि मध्यभागी अजून जांभळं.

या पेटीत जे घडतं त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पहिले दीड-दोन दिवस गरातल्या साखरेवर यीस्ट वाढतं, साखरेचा अल्कोहोल होतो आणि गर पातळ होऊन तळाच्या भोकांतून झिरपून जातो. मग बिया खालच्या पेटीत उलथतात, हवा आत शिरते, आणि दुसरे जिवाणू त्या अल्कोहोलचं व्हिनेगर करतात. उष्णता त्यातूनच येते. ती उष्णता आणि ते आम्ल बियांच्या आत उतरतं आणि कोंब मरतो. बी मेलं की आतल्या पेशी फुटतात, जांभळा रंग उतरतो, तुरटपणा कमी होतो आणि भाजताना ज्यांच्यामुळे चव येते ते घटक तयार होतात. हे सगळं पाच-सहा दिवसांत होतं. त्याआधी काढलं तर बी कच्चं, फार उशीर केला तर कुजका वास. सोलापुरात बसून मी भाजण्याचं तापमान पाच अंशांनी वर-खाली करू शकते, दळण्याचे तास वाढवू शकते. या पेटीत राहून गेलेलं मला तिथे भरून काढता येत नाही.

मेव्हण्यांनी आणखी एक अडचण दाखवली आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. ओलं बी पुरेसं नसेल तर पेटी तापतच नाही. पन्नास-साठ किलो तरी एकत्र हवं, शंभर असेल तर उत्तम. दोन-तीन एकरवाल्याच्या बागेत एका तोडणीला कधी चाळीस किलो निघतं, कधी वीस. तो ते गोणीत भरतो कारण त्याच्याकडे दुसरा इलाज नसतो. यात आळस नाही की अज्ञान नाही.

सोमवार

पहाटे द्वारका तिरुमलाला जाऊन आलो. इकडचे लोक त्याला चिन्न तिरुपती म्हणतात. मावशींची इच्छा होती. परतताना त्यांनी एलुरूचे लोकरी गालिचे कुठे विणतात याची चौकशी केली. पण दुपारी अण्णांच्या पडवीत बसायचं होतं, त्यामुळे ते राहिलं.

पडवीत अण्णा, मेव्हणे, शेजारचे दोन बागाईतदार आणि आम्ही. बोलणी मावशींच्या तोंडून. अण्णांचा प्रश्न सरळ होता. शंभर किलो ओल्या बियांचं वाळून पस्तीस-अडतीस किलो होतं. नीट आंबवलं तर वजन आणखी घटतं. वर सहा दिवस पेटी सांभाळायची, उलथायची, आठवडाभर वाळवण राखायचं. व्यापारी तर तीन दिवसांच्या मालालाही तोच भाव देतो. घटलेल्या वजनाचे पैसे कोण देणार?

त्यात भावाचा झोका त्यांच्या मनात ताजा होता. 2024 च्या उन्हाळ्यात पश्चिम आफ्रिकेतलं पीक पडलं म्हणून इथे सुक्या बियांचा भाव किलोला हजार रुपयांच्या वर गेला, त्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या बाजारात टनाला 12 हजार डॉलर ओलांडले, आणि पुढच्या वर्षी इथे भाव निम्म्यावर आला. हजार होते तेव्हा कुणी कापून बघत नव्हतं, कसलाही माल उचलत होते. भाव पडल्यावर तेच लोक बुरशी दाखवायला लागले.

मी आमचा हिशेब समोर ठेवला. आम्हाला वर्षाला टनभरही बी लागत नाही. कंपनीच्या तुलनेत आमची खरेदी नगण्य आहे, आणि ते मी लपवलं नाही. पण ती ठरलेली आहे. बाजारात त्या आठवड्याला जो भाव असेल तो, वर किलोला 90 रुपये. बाजार पडला तरी एका ठरावीक भावाच्या खाली आम्ही जाणार नाही, आणि तो आकडा वहीत लिहून दोघांनी सही करायची. निम्मे पैसे पेटी भरली त्या दिवशी, उरलेले गोणी शिवल्यावर. बदल्यात सगळ्या बागांची तोडणी एकाच दिवशी, फोडणी एकाच दिवशी, माल मेव्हण्यांच्या पेटीत, आणि पेटी सांभाळण्याचे पैसे मेव्हण्यांना वेगळे. कापून पाहिल्यावर शंभरात पाचपेक्षा जास्त करडी निघाली तर जादाचे 90 नाहीत, पण माल आम्ही परत करणार नाही, बाजारभावाने घेऊ.

अडलेली चर्चा या शेवटच्या वाक्यावर सुटली. मावशी म्हणाल्या, ‘‘छाट म्हणून फेकून द्यायचं आन् पैसे बी द्यायचे न्हाईत, असलं आमी करणार न्हाई, सांगितलं मी त्यांना.’’ तसं बोलायला मी त्यांना सांगितलं नव्हतं. यापेक्षा नेमकं मला सांगताही आलं नसतं. शेजाऱ्यांपैकी एकजण तयार झाले. दुसरे म्हणाले, एक हंगाम बघतो. तेही योग्यच.

मंगळवार

मेव्हण्यांकडे आधीच्या तोडणीचा माल वाळत आला होता. वाळवण बांबूच्या उंच मांडवावर, जाळीवर पसरलेलं, जमिनीवर नाही. पहिले दोन दिवस दुपारच्या कडक उन्हात झाकून ठेवतात. साल एकदम कडक झाली तर आतलं आम्ल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि चॉकलेट आंबट होतं. लाकडी दाताळ्याने दिवसातून चार-पाचदा हलवायचं. मुठीत घेऊन दाबलं की बिया करकर वाजल्या पाहिजेत. मीटर 6.9 दाखवत होतं. साडेसात टक्क्यांच्या आत पाहिजे, आठच्या वर गेलं की प्रवासात बुरशी धरते, आणि फार खाली गेलं तर साल ठिसूळ होऊन फुटते.

शंभर ग्रॅममध्ये 88 बिया भरल्या. शंभरच्या आत म्हणजे दाणा चांगला भरलेला. कापून पाहिल्या त्यांतल्या शंभरात तीन करडी, चौदा जांभळट, बाकी सगळी तपकिरी, भेगाळलेली. जांभळट चौदा मला चालतात. थोड्या जांभळट बियांनी चवीला फळांचा आंबूस स्पर्श राहतो.

120 किलो घेतलं. नव्या तागाच्या गोण्या, आत प्लास्टिक नाही. खताच्या किंवा मिरचीच्या जुन्या गोणीत कोको कधी भरू नये. त्यात लोण्यासारखी चरबी निम्म्याहून जास्त असते आणि ती आजूबाजूचा वास ओढून घेते. हे ट्रान्सपोर्टवाल्यालाही दोनदा सांगितलं: मसाल्याच्या, साबणाच्या मालाबरोबर ठेवू नका. विजयवाड्याला ट्रक 65 नंबरच्या हायवेला लागला की हैदराबादवरून थेट सोलापूर. आम्ही कोणार्कने परतलो.

सोलापूर, पुढचा आठवडा

गोण्या कोरड्या आल्या. मावशींनी आणि त्यांच्या सुनेने मिळून निवडल्या. 120 किलोत दोन किलोही छाट निघाली नाही. ती आम्ही घरच्या कुंड्यांत घातली.

पहिला घाणा 125 अंशांवर भाजला. दहाव्या मिनिटाला व्हिनेगरचा झणका बाहेर पडला, विसाव्याच्या आसपास तो गेला आणि भाजलेल्या गव्हाचा व मनुकांचा वास येऊ लागला. तेविसाव्या मिनिटाला काढलं. साल सहज सुटली, पाखडल्यावर कणी स्वच्छ. 70 टक्क्यांची वडी जमवून तीन आठवडे मुरायला ठेवलीय, कारण ताज्या वडीवरून बियांचा निकाल लावू नये. अण्णांना फोनवर भाजल्याचा अहवाल दिला आणि पुढच्या पेटीसाठी एकच बदल सुचवला: पहिलं उलथणं दोन दिवसांनी न करता दीड दिवसांनी करून पाहू, म्हणजे आंबूसपणा जरा उतरेल. त्यांनी मावशींना फोन द्यायला सांगितलं. पुढची तोडणी संक्रांतीनंतर आहे, पेटीचे निम्मे पैसे त्या दिवशी सकाळी पाठवायचे.